दातांनी ऐकणाऱ्या काकू

खोली भाड्यानं द्यायची की नाही हे ठरवण्याआधी काकूंनी आमची मोटरसायकल अंगणात उभी करायला लावली आणि चालू करायला सांगितली. मग त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आल्या. शिसवी, बारीक, टोकांना झिजलेलं. पदर खोचून त्या इंजिनाशेजारी उकिडव्या बसल्या, लाटण्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटून घेतले.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही राजेगावहून बालाघाटला बिऱ्हाड हलवत होतो. हे भरवेलीच्या खाणीत नोकरीला लागले होते, मला इथल्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा मिळाली होती, आणि घरमालकीण आमच्या गाडीला चावत होती.

थोड्या वेळानं काकू उठल्या. लाटणं पदराला पुसलं.

"क्लच अर्धा दाबून चालवता तुमी," त्या यांना म्हणाल्या. "काहून? त्याले त्रास हून राह्यला. पण गिअर झटक्यानं नाई टाकत. मानूस सबुरीचा दिसते. या राहाले."

अशी आम्हाला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली.

काकूंचे वडील जंगल खात्यात साहेब होते. म्हातारी माणसं काकूंना अजून 'जंगलसाहेबांची पोरगी' म्हणत, आणि गल्लीतली पोरं 'गरारी काकू' म्हणत, गरारी म्हणजे दातेरी चाक. जबलपूरला त्यांनी इंजिनिअरिंग केलं तेव्हा वर्गात दुसरी मुलगी नव्हती. मग दक्षिणेतल्या एका कारखान्यात त्यांची नोकरी झाली. आधी रणगाड्यांचे गिअरबॉक्स, मग नौदलाच्या जहाजांचे. लग्न केलं नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सोडून बालाघाटला आल्या, वडील गेल्यावरही इथंच राहिल्या. गिअरबॉक्सला त्या 'डबा' म्हणत. जेवणाचा डबा आणि जहाजाचा डबा यांत बोलताना काही फरक करत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं नव्या माणसाला कळायला जरा वेळ लागे. "माझा डबा चाळीस हत्तीइतका जड होता," असं त्या भाजीवालीला सांगत, आणि ती बिचारी मान डोलावे.

रणगाडा जागच्या जागी कसा फिरतो हे त्यांनी मला अंगणात उभं करून समजावलं होतं. "बैलजोडी पाहिली ना तू? एका बैलाले पुढं हाकललं अन दुसऱ्याले मागं, तं गाडी कशी वळन? तसंच. दोन पट्टे, एक पुढं, एक मागं. पन बैलाले सांगनारा गाडीवान असते. रनगाड्यात थे काम डबा करते. अन बैल दमले तं थांबतात, डब्याले थांबाची मुभा नाई." जहाजाचं तर त्याहून अवघड. इंजिन आतून पिसाट वेगानं फिरतं, पाण्यातला पंखा मात्र सावकाशच फिरला पाहिजे. "धावनाऱ्याले अन चालनाऱ्याले एका जोखडात बांधाचं," काकू म्हणत, "अन दोघायनंबी कुरकुर नाई केली पाहिजे."

कुरकुर हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता. काकूंना आवाज सहन होत नाही असं शेजारी म्हणत. ते खरं नव्हतं. लग्नाची वरात दारावरून गेली, डीजे वाजला, त्यांना त्याचं काही नसे. त्यांना सहन होत नसे तो ज्याचं कारण कळत नाही असा आवाज. पंख्याची टिकटिक, नळाची शिट्टी, शेजाऱ्यांच्या पंपाची घरघर. लाटणं घेऊन त्या कुणाच्याही घरात शिरत आणि कारण सापडेपर्यंत बाहेर पडत नसत. लोक आधी हसत, मग पंप दुरुस्त झाला की चहा पाजत. समुद्रात म्हणे आवाज म्हणजे पत्ता. पाणबुडी पाण्याखाली कान लावून बसलेली असते, आणि जहाजाच्या डब्यातून बारीकशी शिट्टी निघाली तरी तिला कळतं, कोण चाललंय, कुठं चाललंय. "एक दाता खडबडीत राह्यला," त्या म्हणाल्या होत्या, "तं जहाजावरची सगळी पोरं जातात." हे त्या सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात बढाई नसे. समुद्रापासून इतक्या दूर, वैनगंगेकाठच्या गावात, ही बाई पालक निवडत असे, आणि तिच्या हातानं आखलेल्या चाकांवर कुठल्या कुठल्या पाण्यात पोरं निर्धास्त झोपत असत.

एक सवय मला सुरुवातीला फार विचित्र वाटायची. काकू रोज वेगळ्या खुर्चीवर बसत. बाजाराला रोज वेगळ्या वाटेनं जात. चहाला कधी मला बोलावत, कधी समोरच्या वकिलीणबाईंना, कधी रस्ता झाडणाऱ्या बाईंना, पण लागोपाठ दोनदा एकच माणूस नाही. एकदा मी रागावले. आदल्या दिवशी छान गप्पा रंगल्या होत्या, आणि आज मला हाक नाही.

"अव मास्तरीन," त्या म्हणाल्या, "मसावि शिकवते ना तू पोरायले?"

"शिकवते."

"काहून शिकवते?"

परीक्षेत येतो म्हणून, असं म्हणणार होते, पण जीभ रेटली नाही.

मग त्यांनी पाटावर खडूनं दोन चाकं काढली. दोन चाकांच्या दात्यांना एकच्या वर सामाईक विभाजक असला, तर ठरावीक दात्याला ठरावीकच दाते पुन्हा पुन्हा भेटत राहतात. एखादा दाता थोडा वाकडा असला तर समोरच्या त्याच त्या दात्यांना तो घासत राहतो, आणि मग सगळेच बिघडतात. पण मसावि एक असला, तर प्रत्येक दात्याला समोरच्या चाकावरचे सगळे दाते भेटून झाल्याशिवाय पहिला परत भेटत नाही. झीज सगळ्यांत वाटली जाते. कुणाचंच फार बिघडत नाही.

"मानसाचंबी तसंच," खडू झटकत काकू म्हणाल्या. "मी वाकडी आहे, मले ठाऊक आहे. तुले रोज भेटली असती तं तू कवाच खोली सोडून गेली असती."

त्या वर्षीपासून मी मसावि पहिल्यासारखा शिकवू शकले नाही. फळ्यावर दोन चाकं काढते. पोरं विचारतात, मॅडम, हे कुठं कामी येतं? मी सांगते, लढाईत.

बालाघाटच्या स्टेशनात एकदा दुपारी लष्कराची मालगाडी येऊन थांबली. ताडपत्रीखाली झाकलेले रणगाडे. बातमी भाजीवालीनं आणली. काकूंनी पुऱ्या तळल्या, वांग्याची भाजी डब्यात भरली आणि मला बरोबर घेऊन स्टेशन गाठलं. पहाऱ्यावरच्या जवानानं हात आडवा केला. "माताजी, पीछे रहिए."

"पीछेही हूँ बेटा," काकू म्हणाल्या. "सिर्फ इतना बताओ, चढ़ाई पर तीसरे से चौथे में डालते हो, तो ज़रा रुकता है क्या?"

जवान त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं गाडीच्या डब्याच्या दाराशी बसलेल्या दुसऱ्याला हाक मारली. तो रणगाड्याचा चालक होता, हरयाणाकडचा असावा. त्याला प्रश्न सांगितल्यावर तो खाली उतरला.

"थोड़ा सोचता है माताजी. फिर पकड़ लेता है. पर धोखा कभी नहीं दिया. आपको किसने बताया?"

"मैंने उसको पैदा होते देखा है," काकू म्हणाल्या.

तो पोरगा टाचा जुळवून ताठ उभा राहिला आणि त्यानं सलाम केला, हातात पुऱ्यांचा डबा तसाच. मी आजवर बरेच सलाम पाहिले, झेंडावंदनाला दरवर्षी पाहते. तसा पुन्हा पाहिला नाही.

परतताना मला वाटलं काकू खूश असतील. त्या धुमसत होत्या. "सोचते म्हने! लढाईत कोनी सोचाले थांबते का? मी सांगतलं होतं, मले अजून थोडा वेळ द्या, मी काढतो थो दोष. नाई देल्ला." त्यांनी चालकाचं पहिलंच वाक्य ऐकलं होतं. त्यानं कधी धोका दिला नाही, हे मी घरी येऊन त्यांना पुन्हा सांगितलं. त्या नुसतं "हौ" म्हणाल्या.

आता वाटतं, त्यांनी ते पुढचं वाक्य खरंच ऐकलं नसेल.

कारण त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की खालच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि काकू शेजारी बसून तांदूळ निवडत असतात. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"कवापासून वाजून राह्यला होता?"

मी सांगितलं.

"कोनाले सांगजो नको," त्या म्हणाल्या.

आम्ही नागपूरला डॉक्टरांकडे गेलो. कानाच्या पडद्यामागं इवलीशी तीन हाडं असतात, ती हलली की आवाज आत पोचतो. त्यांतलं शेवटचं हाड काकूंच्या दोन्ही कानांत आखडलं होतं. आतली नस मात्र शाबूत होती. डॉक्टरांनी चित्र दाखवलं तेव्हा काकू खुर्चीतून पुढं झुकल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. "हा तं लिव्हर आहे, तरफ, डॉक्टरसाहेब! किती सुंदर केला आहे!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्य मास्तरीन, माझाच डबा जाम झाला." ऑपरेशन करता येईल असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी नको म्हटलं. का नको, ते सांगितलं नाही. ऐकायचं मशीन घेतलं, ते कानात शिट्टी वाजवतं म्हणून कपाटात ठेवून दिलं. लाटण्यानं मात्र त्यांना पूर्वीइतकंच ऐकू येत होतं. दातांतून, कवटीच्या हाडांतून आवाज थेट आतल्या नसेपर्यंत जातो, त्याला त्या तीन हाडांची गरज नाही. माणसांचं बोलणं त्या ओठांवरून ओळखायला शिकल्या, आणि गल्लीत कुणाला काही कळलं नाही.

आणि अशात एका हिवाळ्यात सकाळी गोंदियाहून एक टॅक्सी येऊन दारात उभी राहिली. पांढऱ्या केसांचा, उंच, ताठ माणूस उतरला. नौदलातले मोठे अधिकारी होते ते, मूळचे कोकणातले. काकू अंगणात वाळवण घालत होत्या.

"मॅडम, ओळखलंत?"

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लेफ्टनंट," त्या म्हणाल्या, "मिशा काहून काढल्या?"

तरुणपणी ते काकूंच्या कारखान्यात नौदलातर्फे तपासणीला होते. तेव्हाचे लेफ्टनंट. आता हाताखाली शेकडो माणसं होती, पण काकूंनी त्यांना शेवटपर्यंत लेफ्टनंटच म्हटलं, आणि त्यांनीही ते आनंदानं ऐकून घेतलं. मला ते म्हणाले, "तुमच्या काकू मला रोज सकाळी दाते कापलेल्या चाकावरून उघडा तळवा फिरवायला लावायच्या. मी म्हणायचो, मोजमापं आली आहेत. त्या म्हणायच्या, मोजमापं आली, तुम्ही कुठं आलात?"

ते कामासाठी आले होते. काकूंचा डबा बसवलेलं एक जहाज अजून पाण्यात होतं. कुठलं जहाज, कुठलं बंदर, हे लिहायचं नाही अशी काकूंची मला ताकीद आहे, म्हणून पूर्व किनारा एवढंच सांगते. त्या जहाजातून एका ठरावीक वेगाला बारीक शिट्टी येऊ लागली होती. दुरुस्ती करणाऱ्यांचं म्हणणं, दाते झिजले, गिअरबॉक्स खोला. पण तो खोलायचा म्हणजे वरचा डेक कापायचा. जहाजाचं वय पाहता एवढा खटाटोप कुणी करणार नाही, त्यापेक्षा ते मोडीत निघेल. ज्यांनी तो डबा आखला त्यांतलं आता कुणीच उरलं नव्हतं, काकू सोडून.

"मी रेकॉर्डिंग आणलंय," ते म्हणाले आणि फोन पुढं केला.

काकूंनी हात मागं घेतला. "फोटो पाहून नाडी पाहतात का? मले जहाजावर न्या."

साहेबांना ते फार आवडलं. त्यांना वाटलं, हा काकूंचा बाणा. मला कारण माहीत होतं. त्या फोनमधली शिट्टी काकूंना ऐकू आली नसती.

मी बरोबर गेले. "ह्या माझ्यासंगं येतील," एवढंच त्या म्हणाल्या आणि साहेबांनी परवानगी काढली. गोंदियाला गाडीत बसल्यापासून काकू खिडकीशी बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "मी कवाच नाई गेली जहाजावर."

मला कळेना. "म्हणजे?"

"पहिली चाचनी होती तवा बाकीचे सगळे गेले. बायायले नेत नव्हते. मी धक्क्यावर उभी होती. जहाज गेलं, लहान लहान झालं, दिसेनासं झालं. मंग मी हॉटेलात जाऊन जेवली." मग म्हणाल्या, "आवाज कसा आहे थे मले कागदावर दाखोलं."

बंदराच्या फाटकावर पिशव्या तपासल्या. शिपायानं काकूंच्या पिशवीतून लाटणं काढलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. "ये क्या है अम्मा?"

"स्टेथोस्कोप," काकू म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली आणि लाटणं परत पिशवीत गेलं.

जहाज समुद्रात निघालं. आम्ही लोखंडी शिड्या उतरत खाली गेलो. काकूंनी साडीवर नाविकाचा जाड कोट चढवला होता, पायात कुणाचे तरी बूट. खाली उकाडा, तेलाचा वास आणि एवढा आवाज की छातीत धडधडतं. सगळ्यांच्या कानांवर जाड टोप्या. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, सगळे हातांच्या खुणांनी बोलत होते. तिथं काकू आणि बाकीचे यांत काही फरकच उरला नाही. मला वाटतं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्या निश्चिंत झाल्या.

डबा आमच्या घराएवढा होता. करड्या रंगाचा, बंद, नुसता उभा. काकूंनी आधी त्यावर तळवा ठेवला. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग लाटणं काढलं.

त्यांच्या मागं दुरुस्ती विभागातला एक तरुण इंजिनिअर होता, त्यानं क्षणभर साहेबांकडे पाहिलं. साहेबांचे डोळे काकूंवरून हलले नाहीत. काकू जागोजागी लाटणं टेकवत, दातांत धरत, डोळे मिटत, मग हातानं खूण करत, वेग वाढवा, कमी करा. हळूहळू तो इंजिनिअरही त्यांच्यामागं वाकून चालायला लागला. मग काकू खाली बसल्या आणि मग त्या चक्क पालथ्या झोपल्या, लोखंडी जाळीवर, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणाऱ्या काकू, आणि डब्याच्या पायाशी लाटणं लावून कितीतरी वेळ तशाच पडून राहिल्या. उठल्या तेव्हा गालावर जाळीची नक्षी उमटली होती. तिथून त्यांनी एक तेलाची नळी धरली आणि नळीवर लाटणं टेकवत टेकवत त्या भिंतीपर्यंत गेल्या. नळी जिथं जहाजाच्या फासळीला लोखंडी पट्टीनं आवळली होती, तिथं थांबल्या. दोनदा ऐकलं. मग तोंडातून लाटणं काढलं आणि वर चला अशी खूण केली.

वर डेकवर वाऱ्यात त्या म्हणाल्या, "डबा ठनठनीत आहे. ही नळी मांगून टाकली का कोनी?"

इंजिनिअरनं सांगितलं, जुनी नळी गळत होती, म्हणून नवी टाकली, वाट थोडी बदलली.

"अन पट्टीखाली रबर नाई टाकलं. डब्याचा सूर पैलेबी होता. थो डब्यातच मरत होता. आता त्याले भाईर जाले वाट भेटली. नळीतनं जहाजाच्या हाडात, अन हाडातनं पान्यात."

"पण मॅडम, एवढ्याशा पट्टीनं?"

"घरची बातमी मोठ्या दारानं नाई जात, बाबू. मोरीतनं जाते."

तो पोरगा हसला, आणि त्याच दिवशी त्यानं स्वतः ती पट्टी काढून रबर घालून पुन्हा बसवली. दोन दिवसांनी किनाऱ्याजवळ चाचणी घ्यायची ठरली. शिट्टी गेली तर जहाज राहील. नाही गेली तर काकूंचं चुकलं, आणि जहाजही गेलं.

संध्याकाळी पाहुण्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात काकूंनी जेवणाला हात लावला नाही. समोर समुद्र होता. त्यांना त्याची गाज ऐकू येत नव्हती हे मला एकदम आठवलं.

"मास्तरीन," त्या म्हणाल्या, "मी थे दातानं खरंच ऐकलं का?"

"म्हणजे काय काकू?"

"मले माझा कान खोलाचा नव्हता. भेव वाटलं. म्हून मी त्यायचाबी डबा खोलू देल्ला नाई, असं तं नसन?"

मला गिअरमधलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही पालथ्या झोपला होतात काकू. मनातलंच ऐकायचं असतं तर उभ्यानं ऐकलं असतं." त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मला वाटतं नीट कळलं नसावं, पण त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

चाचणीच्या दिवशी आम्हाला नेलं ती किनाऱ्यावरची एक लहानशी बैठी इमारत होती. समुद्राच्या तळाशी ऐकणारी यंत्रं ठेवलेली असतात आणि त्यांच्या तारा या खोलीत येतात. जहाज वरून जातं, आणि शत्रूच्या पाणबुडीला जे ऐकू येईल ते इथं ऐकू येतं. दाराशी साहेब थांबले. आत फक्त काकूंनाच जाता येईल, असं ते माझी माफी मागत म्हणाले.

काकू दारातच उभ्या राहिल्या. मग जे त्यांनी वर्षभर माझ्याखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. "लेफ्टनंट, मी बहिरी झाली. ह्या माझे कान आहेत."

साहेबांनी काकूंकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या लाटण्याकडे पाहिलं, आणि बहुधा त्यांच्या सगळं लक्षात आलं. त्या बाईनं कानांनी नाही, दातांनी त्यांच्या जहाजाचा निकाल दिला होता. मला वाटलं आता सगळं संपलं. त्यांनी आत जाऊन कुणाला तरी फोन केला, बराच वेळ बोलले, आणि बाहेर येऊन माझ्यासाठी दार उघडून धरलं.

"मशीनवर आलेख येईलच, मॅडम," ते म्हणाले.

"आलेख मंग पाहू. आधी मानसानं ऐकावं."

काकूंनी मला खिडकीकडे पाठ करून बसवलं. डोळ्यांनी पाहिलं की कान खोटं बोलतात, म्हणाल्या. स्वतःही खिडकीकडे पाठ करून माझ्या शेजारी बसल्या, मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत. एका नाविकानं माझ्या कानांवर ते जाड हेडफोन चढवले.

"काय ऐकू येऊन राह्यलं?"

"तडतड," मी म्हटलं. "फोडणी टाकल्यासारखी. सगळीकडून."

"झिंगे," काकू म्हणाल्या. "समुद्रातले झिंगे नांगी वाजवतात. थे सोड. अजून?"

मी डोळे मिटले. बाघ नदीच्या काठी वाढलेली मी, त्या दिवशी समुद्राच्या पोटात कान घालून बसले होते. बराच वेळ नुसती तडतड. मग दूरवर काहीतरी आलं.

"सूप पाखडल्यासारखं काकू. फस्... फस्... वाढतंय."

"थो पंखा. पान्यातला. थो माझा नाई." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा गार होता. "शिट्टी? बारीक? डासासारखी?"

मी ऐकलं. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नाही. पाखडणं वाढलं, माझ्या डोक्यावरून गेल्यासारखं झालं, मग कमी होत होत झिंग्यांच्या तडतडीत विरून गेलं.

"नाही," मी म्हटलं. "शिट्टी नाही."

"नीट सांग."

"नाही काकू. कुठंच नाही."

मी डोळे उघडले आणि मागं वळून खिडकीबाहेर पाहिलं. जहाज केव्हाच पुढं निघून गेलं होतं, त्याची पाठ दिसत होती, करडी, मोठी, आणि मागं पांढऱ्या पाण्याची रेघ.

"काकू, जहाज गेलं की!"

त्यांनी माझे ओठ वाचले आणि वळून पाहिलं.

"गेलं?" काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "मले तं समजलंच नाई."